नागपुरात राहून, मोबाइल ॲपच्या मदतीने हळूहळू व्हीगन होता येईल का?

व्हीगन म्हणजे मांसाबरोबरच दूध, मध असे प्राण्यांपासून मिळणारे काहीही न घेणे. घर शाकाहारीच आहे, दूध-दही-तूप मात्र एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने सोडायचे आहे, आणि त्या कामी मोबाइलवरील ॲप कितपत उपयोगी पडतील, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवानुसार ती निश्चित उपयोगी पडतात, परंतु त्यांच्याकडून मुख्यतः दोन कामे घ्यावीत: पुडीवरील घटकांची यादी तपासणे आणि पोषणाचा हिशेब ठेवणे. काय रांधावे हे त्यांना विचारण्याची आपल्याला फारशी गरज नाही.

पहिल्या कामासाठी 'ओपन फूड फॅक्ट्स' हे विनामूल्य ॲप घ्यावे. पुडीवरील बारकोड त्यात टिपला की घटकांच्या यादीवरून पदार्थ व्हीगन आहे, नाही, की खात्रीने सांगता येत नाही, हे ते दाखवते. ही माहिती लोकांनीच भरलेली असल्यामुळे अनेक भारतीय वस्तूंची नोंद अपुरी किंवा जुनी असते. अशा वेळी आपण स्वतः पुडीचे फोटो टाकून ती पूर्ण करू शकतो, आणि तसे करावे असा माझा आग्रह आहे, कारण त्याचा लाभ आपल्यामागून येणाऱ्या प्रत्येकाला होतो. ॲप निरुत्तर झाले तर लेबलवरील ॲलर्जीची सूचना पाहावी. दूध हा घटक तेथे जाहीर करणे भारतात बंधनकारक आहे, त्यामुळे बिस्किटे, ब्रेड, चिप्सचा मसाला यांत मिसळलेली दूध भुकटी किंवा व्हे (दुधाची निवळी) त्या एका ओळीत सापडते.

हिरव्या ठिपक्यावर मात्र विसंबू नये. आपल्याकडील नियमांत मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येतून दूध, मध, मधमाश्यांचे मेण आणि लाख वगळलेली आहेत. म्हणून हिरवा ठिपका असलेल्या चकचकीत गोळीवर लाखेचा, म्हणजे किड्यांपासून मिळणाऱ्या राळेचा, लेप असू शकतो; घटकांच्या यादीत त्याचा सांकेतिक क्रमांक आयएनएस ९०४ असा असतो. व्हीगन पदार्थांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये वेगळे नियम केले. त्यांतील चिन्ह म्हणजे हिरव्या चौकटीतील इंग्रजी व्ही हे अक्षर आणि त्याला फुटलेले पान. ते दिसले तर तपासणीचा त्रास वाचतो. पण ज्या उत्पादकाने मान्यता घेतलेली नाही त्याच्या वस्तूवर ते नसते, म्हणून चिन्ह नाही एवढ्यावरून वस्तू नाकारण्याचेही कारण नाही. किराणा घरपोच देणाऱ्या ॲपवर बहुधा पुडीच्या मागील बाजूचाही फोटो असतो. मागणी नोंदवण्यापूर्वी तो मोठा करून वाचण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. 'क्रोनोमीटर' या ॲपमध्ये दिवसभराचे जेवण नोंदवले की प्रथिने, कॅल्शियम, लोह, जस्त, बी-१२ अशा प्रत्येक घटकाची बेरीज समोर येते. त्यातील माहिती मुख्यतः अमेरिकी खाद्यपदार्थांची असल्यामुळे 'झुणका' किंवा 'वडाभात' असे शोधण्यापेक्षा तूर डाळ, बेसन, ज्वारीचे पीठ, तेल यांची कच्ची वजने घालून आपली कृती एकदा साठवून ठेवावी. त्यानंतर रोजची नोंद काही क्षणांत होते. भारतीय धान्ये, डाळी आणि भाज्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 'न्यूट्रिफाय इंडिया नाऊ' हे ॲप ताडून पाहण्यास चांगले आहे. अशी नोंद आयुष्यभर ठेवण्याची आवश्यकता नाही. आपल्या नेहमीच्या ताटात काय कमी पडते हे काही आठवड्यांत कळते, आणि तेवढ्यासाठीच ती ठेवायची असते.

दूध-दही वगळून ते ताट नोंदवताच बी-१२ जीवनसत्त्व जवळजवळ शून्यावर दिसेल. हा ॲपचा दोष समजू नये. वनस्पतीजन्य अन्नातून हे जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिना किंवा आंबवलेले पदार्थही त्याची जागा घेऊ शकत नाहीत. यकृतातील साठा बराच काळ पुरत असल्याने कमतरतेची लक्षणे उशिरा दिसतात आणि मज्जातंतूंवर झालेला परिणाम कधी कधी पूर्णपणे भरून येत नाही. दूध घेणाऱ्या शाकाहारी माणसांतही ही कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते, म्हणून सुरुवातीलाच रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करावी. त्या गोळीची आठवण मोबाइलच्या गजरात कायमची लावून ठेवावी. मला विचाराल तर संपूर्ण मोबाइलचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच आहे.

कॅल्शियमचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. प्रौढांना दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम लागते. शंभर ग्रॅम तिळात त्याहून अधिक, तर तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. तिळाची चटणी रोज दोन चमचे आणि नाचणीची भाकरी अधूनमधून, एवढ्याने आकडा बराच वर सरकतो. पालकातील कॅल्शियम ॲपमध्ये भरघोस दिसले तरी पालकातच असलेल्या ऑक्झलेट या कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या द्रव्यामुळे त्यातील फार थोडे अंगी लागते, हा भेद ॲप सांगत नाही. लोहाचेही तसेच आहे: जेवणाला लागून घेतलेला चहा ते नीट शोषू देत नाही, तर लिंबू किंवा संत्रे त्याला मदत करते, आणि संत्र्यांसाठी नागपूरकरांना कोठे लांब जावे लागत नाही.

पाककृतींची परदेशी ॲप मी सुचवत नाही, कारण त्यांतील बदामाचे चीज किंवा ओटचे दूध महाग पडते आणि घरातील इतरांना परके वाटते. आपला वडाभात वरून फोडणीचे तेल घालूनच खातात; गोळाभात, पाटोडीचा रस्सा, झुणका, तर्रीपोहे, जवसाची चटणी यांत मुळात दूध नाही, आणि जवसात तर ओमेगा-३ गटातील मेदाम्लही भरपूर आहे. ब्रिटनमध्ये २०१४ साली सुरू झालेला 'व्हीगन्युअरी' हा उपक्रम जानेवारीचा महिनाभर व्हीगन राहण्यास सांगतो आणि रोज ईमेलने मार्गदर्शन पाठवतो. तो महिना आपल्याला फार सोयीचा आहे, कारण तेव्हा बाजारात तुरीचे सोले, हरभऱ्याची भाजी आणि भरताची वांगी असतात. अडते ते चहापाशी आणि वरणभातावरच्या तुपापाशी. तुपाऐवजी लसूण-हिंगाची फोडणी घ्यावी. चहा काही दिवस गवती चहा घालून कोरा प्यावा, आणि सोयाचे दूध घातलेच तर चहा आचेवरून उतरवल्यावर कोमट करून घालावे, म्हणजे ते फाटत नाही.

बाहेर खाताना व्हीगन व शाकाहारी उपाहारगृहे दाखवणारे 'हॅपीकाऊ' हे १९९९ पासून चालत आलेल्या संकेतस्थळाचे ॲप पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशाच्या प्रवासात उपयोगी आहे. नागपुरातच धरमपेठेत किंवा सीताबर्डीवर जेवायचे असेल तर उपाहारगृहाला फोन करून विचारणे अधिक खात्रीचे. घरपोच मागवताना शाकाहारी पदार्थांची चाळणी लावून दूध टळत नाही, म्हणून सूचनेच्या रकान्यात 'तूप, लोणी, दही, साय, पनीर नको' असे एकेक नाव लिहावे. 'दुधाचे पदार्थ नको' असे मोघम लिहिल्यास पोळीला तूप लागूनच येते.

आहाराबाहेरच्या वस्तूंकडे नंतर वळले तरी चालेल. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना भारतात २०१४ पासून बंदी आहे, तरी घटकांत मधमाश्यांचे मेण, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतील मेण) किंवा कार्माइन (किड्यांपासून काढलेला लाल रंग) असू शकते; प्रसाधनांसाठी 'ओपन ब्यूटी फॅक्ट्स' ही ओपन फूड फॅक्ट्सची जोडशाखा आहे. औषधांच्या कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेल्या पदार्थाचे, असते आणि डी-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढतात. ही माहिती हाती आली म्हणून चालू औषध स्वतःहून थांबवू नये. दुसरा पर्याय आहे का, एवढे डॉक्टरांना विचारावे, आणि नसल्यास तेच औषध घ्यावे.