पहाटेच्या लाटा

बाळा, माहुलीच्या संगमावर आईच्या अस्थी सोडून आलीस आणि आता घरात बसवत नाही म्हणतेस. आमचे हे गेले तेव्हा माझंही तसंच झालं होतं. मी साताऱ्याहून रात्रीच निघाले, कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट करत गुहागर गाठलं. तू तसं करू नकोस, घाटात रात्री धुकं असतं. आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला पोच.

साडेपाचला किनाऱ्यावर बस. सूर्य समुद्रातून वर येईल म्हणून वाट बघू नकोस. कोकणात तो पाठीमागून, डोंगराआडून येतो. आधी लांबच्या लाटांचे माथे उजळतात, आपल्या पायाशी मात्र सुरूंची सावली बराच वेळ रेंगाळते. मला तेच बरं वाटलं होतं, कुणाची घाई नव्हती.

भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणून गावात वेळ विचारून घे. ओहोटीला ओल्या वाळूवर खेकड्यांनी केलेल्या बारीक गोळ्या दिसतील, त्या बघत राहा. मन शांत करायचं वगैरे काही ठरवू नकोस. रडू आलं तर रड. लाटांच्या आवाजात कुणाला कळत नाही.

आणि थर्मासमध्ये चहा ने. मी विसरले होते.