कोयनेच्या ओढ्याकाठी पानावर बसलेला सुरकुत्यांचा बेडूक कोणता? आणि तो पाणी सोडून पानावर काय करत होता?

तुमच्या वर्णनावरून हा निक्टिबाट्रॅकस हुमायूनी असावा. तपकिरी, सुरकुतलेलं अंग आणि डोळ्यात चौकटच्या आकाराची बाहुली या खुणा निक्टिबाट्रॅकस प्रजातीच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या, आहेत. या प्रजातीत तीसहून अधिक जाती आहेत आणि सगळ्या फक्त पश्चिम घाटातल्या. त्याहून मोठा गट म्हणजे कुल निक्टिबाट्रॅकिडी, त्याची एक शाखा श्रीलंकेत आहे, बाकी सगळं आपल्याच घाटात. हुमायूनीचं वर्णन १९५५ साली झालं. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचं नाव तिला दिलेलं आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नात मला जास्त रस आहे. पावसाळ्यात नर ओढ्यावर झुकलेल्या पानावर किंवा फांदीवर बसून ओरडतो, कारण अंडी तिथेच घातली जातात. बहुतेक बेडकांत नर मादीला मिठी मारून धरतो. इथे तो नुसता तिच्या पाठीवर बसतो, हात मात्र पानावर टेकलेले. तिच्या पाठीवर शुक्राणू सोडतो आणि उतरतो. मादी अंडी घालते ती त्यानंतर, आणि पाठीवरून ओघळणारे शुक्राणू त्या अंड्यांपर्यंत पोचतात. बेडकांत ही पद्धत तोवर कुणी नोंदवलेली नव्हती. २०१६ साली बेडूकतज्ज्ञ एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली, तीही कोयनेजवळच्या हुंबरळीच्या अभ्यासातून! या जातीत मादीही आवाज काढते, आणि बेडकांत हे फारच थोड्या जातींत आढळतं.

अंड्यांतून बाहेर पडलेले टॅडपोल थेट खालच्या पाण्यात पडतात. म्हणून या बेडकाला वाहता ओढा लागतो, तसंच त्यावर लोंबणारी पानंही लागतात. ओढ्याकाठची झाडी 'साफ' केली की पाणी तेवढंच राहतं, पण अंडी घालायची जागा जाते. मला याची फार काळजी वाटते. ओढ्यावर वाकलेल्या फांद्या तोडू नका, तुमच्या गाईडलाही सांगा.

एक मात्र आहे. महाराष्ट्रात याच प्रजातीची निक्टिबाट्रॅकस डॅनिएली ही जातही आहे, २०११ साली वर्णन झालेली. त्यामुळे नुसत्या वर्णनावरून मी शिक्कामोर्तब करणार नाही. पुन्हा गेलात तर बेडकाला हात न लावता डोळ्याचा आणि बोटांच्या टोकांचा जवळून फोटो घ्या, आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. आवाजावरून बरंच कळतं.