वाचकांचे प्रश्न : रोखीने घर चालवताना

प्रश्न : आम्ही घरात चौघं. हाती येणारा पगार ४६,०००. सगळीकडे फोनवरून पैसे देतो आणि वीस तारखेनंतर ओढाताण सुरू होते. आता सगळा खर्च रोखीनेच करायचं ठरवलंय. सुरुवात कशी करावी? (नाशिक)

उत्तर : ‘सगळा’ हा शब्द आधी खोडा. घराचा हप्ता, विमा, आरडी, वीजबिल यांत रोखीने काही वाचत नाही, फक्त रांग वाढते. हात सैल सुटतो तो भाजी, किराणा, पेट्रोल आणि बाहेरच्या खाण्यात. रोख तिथेच वापरायची.

बँकेतून जाणारे ठरलेले खर्च २४,००० धरू. वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांसाठी ४,००० बाजूला. उरलेले १८,००० रोख काढून पाकिटांत घाला : किराणा ६,०००, भाजी-फळं ३,२००, दूध २,७०० (रोज दीड लिटर, ६० रुपये भावाने), पेट्रोल २,०००, घरकामाच्या ताई १,२००, बाहेरचं खाणं आणि हातखर्च १,०००, गॅस ९५०, औषधं ५००, अडीनडीला ४५०. हे आकडे नमुन्याचे. तुमचे खरे आकडे मागच्या तीन महिन्यांच्या बँक स्टेटमेंटवरून काढा, अंदाजाने नको. अंदाजात चहा-वडापाव कधीच धरला जात नाही.

भाजीचं पाकीट पहिल्याच महिन्यात फसतं. लोक ३,२०० ला चाराने भागतात, पण महिना चार आठवडे आणि वर दोन-तीन दिवसांचा असतो. २९ तारखेला पाकीट रिकामं आणि फोन पुन्हा हातात. म्हणून ७२० ची चार पाकिटं करा आणि शेवटच्या दिवसांसाठी ३२० चं पाचवं.

दुधाचं उलटं. बिल महिनाअखेरीला, त्यामुळे २,७०० रुपये तीस दिवस ‘मोकळे’ दिसतात आणि सगळे त्यातूनच उसने घेतात. दूधवाल्याचा हिशेब दर रविवारी चुकता करा. एका पाकिटातून दुसऱ्यासाठी पैसे घ्यावेच लागले, तर तारीख-रकमेची चिठ्ठी आत टाका. एकाच खर्चासाठी दोन महिने चिठ्ठ्या पडल्या, तर चूक उधळेपणाची नाही, रक्कम कमी धरल्याची आहे.

प्रश्न : एटीएममधून नुसत्या पाचशेच्या नोटा येतात. भाजीवाली सुट्टे मागते, मग शेवटी फोनच काढावा लागतो. (इचलकरंजी)

उत्तर : रोखीचा बेत बहुतेक घरांत सुट्ट्यांवरच अडतो. बँकेत स्लिप भरून काढा आणि नोटांचा तपशील लिहून द्या. १८,००० साठी ही विभागणी चालते : ५०० च्या १८, २०० च्या २०, १०० च्या ४०, ५० च्या १०, २० च्या १५ आणि १० च्या २०. सगळ्या मिळतीलच असं नाही. शंभरच्या नोटांचा आग्रह मात्र सोडू नका. पाचशेच्या नोटा किराणा आणि पेट्रोलला संपवा, भाजीबाजारात नेऊच नका.

एटीएमवर ४०० किंवा ९०० अशी रक्कम टाकली, तर लहान नोटा द्याव्याच लागतात, अर्थात यंत्रात असतील तर. पण हे वारंवार नको : स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत, पुढे प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत शुल्क, वर कर.

दहाच्या नाण्याला दुकानदार नाक मुरडतात, पण सगळ्या नक्षींची नाणी चलनात आहेत.

प्रश्न : मी पाकिटातून भाजी घेते. हे ऑफिसातून येताना फोनवरून फळं आणतात. हिशेब लागत नाही. (डोंबिवली)

उत्तर : ‘बँकेत परत’ असं एक रिकामं पाकीट ठेवा. यांनी १८० ची फळं आणली, की त्याच संध्याकाळी भाजीच्या पाकिटातले १८० त्यात टाका. दुसऱ्या दिवसावर ढकललं की विसरलंच. महिनाअखेरीला हे पैसे बँकेत भरायला जाऊ नका. पुढच्या महिन्यात तेवढी रोख कमी काढा. शिवाय यांच्या फोनला पगाराचं खातं न जोडता हजारभर रुपयेच असलेलं दुसरं खातं जोडता येईल. भांडणापेक्षा हे सोपं.

प्रश्न : जूनमध्ये आणि दिवाळीला पाकिटांची घडी मोडते. (सातारा)

उत्तर : कारण ते खर्च महिन्याचे नाहीतच. नमुना पाहा : वर्षाचे गहू आणि मसाला १०,०००, शाळेची वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट १२,०००, गणपती ५,०००, दिवाळी १२,०००, गाडीचा विमा-सर्व्हिसिंग ५,०००, लग्नाकार्यातले आहेर ४,०००. एकूण ४८,०००, म्हणजे महिन्याला ४,०००. हे वेगळ्या बचत खात्यात राहू द्या. घरात ठेवलेली एवढी रोख टिकत नाही.

सुरुवात दिवाळीनंतर केलेली बरी. नोव्हेंबर ते एप्रिल २४,००० जमतात, धान्य निघतं आणि जूनसाठीही पुरतं. एप्रिलमध्ये सुरू केलंत, तर जमलेले ४,००० आणि समोर १०,००० चे गहू-मसाला. त्या वर्षी तीन-चार महिन्यांपुरतेच गहू भरा.

प्रश्न : रोखीने भरू नये असं काही आहे का? (पनवेल)

उत्तर : आरोग्य विम्याचा हप्ता. जुन्या करप्रणालीत असाल, तर रोख भरलेल्या हप्त्यावर वजावट मिळत नाही. महावितरणनेही १ ऑगस्ट २०२३ पासून घरगुती ग्राहकांसाठी रोखीने बिल भरण्याची मर्यादा महिन्याला ५,००० केली आहे.

प्रश्न : पाकिटातली दोनशेची नोट उंदराने कुरतडली. (मालवण)

उत्तर : पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा ८० टक्क्यांहून जास्त भाग शाबूत असेल, तर बँक पूर्ण किंमत देते, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, त्याखाली काही नाही. आणि पाकिटं पत्र्याच्या डब्यात ठेवा.