विणकर मुंग्या लांबच्या परक्यापेक्षा शेजाऱ्यावरच जास्त का तुटून पडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बागेत पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या आहेत. दोन आंब्यांच्या फांद्या वाऱ्याने एकमेकींना टेकल्या आणि तुंबळ लढाई झाली. पण पार पलीकडच्या काजूवरून आणलेली मुंगी त्याच आंब्यावर सोडली, तर ती बराच वेळ बिनधास्त हिंडली. हे उलटं कसं?

उलटं नाही, तुम्ही पाहिलंत ते बरोबरच आहे.

आधी ओळख कशी पटते ते बघू. मुंगीच्या अंगावर तेलकट हायड्रोकार्बनांचा पातळ थर असतो. मूळ काम अंगातलं पाणी उडू न देण्याचं. पण त्यातल्या घटकांचं प्रमाण प्रत्येक वसाहतीत वेगळं असतं, आणि तोच वसाहतीचा वास. एकमेकींना चाटून, तोंडातून तोंडात अन्न देऊन हा वास सगळ्यांच्या अंगी मुरतो. दोघी समोरासमोर आल्या की मिशा एकमेकींच्या अंगावरून झरझर फिरतात. वास जुळला तर पुढे चालू. नाही जुळला तर जबडे उघडतात, पोट वर उचललं जातं, कुणीतरी पाय पकडते, आणि मग चारसहा जणी मिळून परकीला सगळ्या बाजूंनी ताणून धरतात. जपानी संशोधकांनी 2005 मध्ये सुतार मुंगीच्या मिशीवर असा एक संवेदक दाखवला, जो परक्या वसाहतीच्या वासालाच प्रतिसाद देतो, स्वतःच्या नाही.

आता शेजाऱ्याचं. अनेक प्राण्यांत ओळखीचा शेजारी सोसला जातो आणि अनोळखी आला की भांडण होतं. काही वाळवंटी फायडोले मुंग्यांतही तसंच दिसलं आहे: रोजच्या वासाची सवय होते. विणकर मुंग्यांचं तसं नाही. ऑस्ट्रेलियात न्यूई, रॉब्सन आणि क्रोझियर यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लांबच्या वसाहतीतल्या घुसखोर मुंग्यांपेक्षा शेजारच्या जास्त ओळखल्या गेल्या, आणि ओळखल्यावर हल्लाही त्यांच्यावरच जास्त जोराचा झाला. तुमच्या काजूवरच्या मुंगीला माफी मिळाली नव्हती. ती परकी आहे हे बहुतेकींच्या लक्षातच आलं नसावं.

मला यामागचं कारण पटतं. वाट चुकून आलेली एकटी मुंगी काय नेणार? शेजारची वसाहत मात्र फांदी, झाड, पिल्लांसकट घरटी, सगळंच बळकावू शकते. गावातही कोर्टकचेरी बांधाला बांध लागलेल्याशीच होते, तसंच हे. म्हणून हद्दीवर या मुंग्या वेगळी चौकीघरटी बांधतात आणि तिथे म्हाताऱ्या कामकरी मुंग्या ठेवतात. (मला हे नेहमीच विलक्षण वाटत आलं आहे: तरुण आत पिल्लांपाशी, म्हाताऱ्या सीमेवर.) अमेरिकेतल्या दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांवर डेबोरा गॉर्डन यांनी 1989 मध्ये असंच मांडलं, की त्या शेजारी आणि अनोळखी यांत फरक करतात, आणि शेजाऱ्यांशी गाठ पडली तर त्या जागी दाणे गोळा करायला जाणं जास्त टाळतात.

म्हणजे सरसकट नियम नाही. शेजाऱ्याकडून काय जाऊ शकतं, यावर बरंच ठरतं. आणि वासातला फरकच पुसला गेला, तर भांडणही उरत नाही: दक्षिण युरोपात पोचलेल्या अर्जेंटाइन मुंग्यांची एक महावसाहत इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत, सुमारे 6000 किलोमीटर पसरलेली आहे. तिच्या दोन टोकांच्या मुंग्या एकत्र ठेवल्या तरी भांडत नाहीत.

बागेत किडीसाठी या मुंग्या ठेवायच्या असतील, तर कोणती झाडं एका वसाहतीची हे आधी तपासा. एका झाडावरच्या पाचसहा मुंग्या काडीवर चढवून दुसऱ्या झाडावरच्या वाटेवर सोडा. बोटांनी धरू नका. एकीवरून निष्कर्ष काढू नका, कारण वर सांगितलं तसं एखादी निसटते. धरपकड झाली तर दोन वसाहती आहेत, मग टेकणाऱ्या फांद्या छाटा, नाहीतर लढाईत दोन्हीकडच्या मुंग्या मरतात आणि किडीचं फावतं. मिशा लावून सोडून दिलं, तर त्या दोन झाडांमध्ये सरळ दोरी बांधा; जमिनीवर न उतरता त्यांची ये-जा सुरू होईल.