शेवटच्या पानावरचा जुळा भाऊ

प्रश्न : करवीर नगर वाचन मंदिरातनं आणलेली रहस्यकादंबरी रात्री दोनपर्यंत जागून संपवली. खुनी कोण, तर नायकाचा जुळा भाऊ! आधी त्याचा पत्ताच न्हाई. ही फसवणूक न्हवं का?
– एक निवृत्त वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : फसवणूकच, काका. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले (तो स्वतःही रहस्यकथा लिहायचा) : गुन्हेगार सुरुवातीलाच दिसावा, चोरवाट फार तर एक, आणि जुळी भावंडं पूर्वसूचनेशिवाय नकोत. मराठी रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांना मात्र मी हे नियम लावणार नाही. तिथे खुनी कोण यापेक्षा त्यांचा नायक झुंजार आता सुटतो कसा, याचीच घाई असते. तुमच्या लेखकाने ना तो वेग दिला, ना धागेदोरे.