ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचं ‘मृत्यू म्हणजे आपल्याला काहीच नाही’ हे पटतं, तरी भीती का जात नाही? आणि आत्मा उरणारच नसेल तर नीट वागायचं कशासाठी?

कारण तुम्हाला जी भीती वाटते आहे ती बहुधा एपिक्युरसच्या निशाण्यावरची भीती नाहीच.

त्याचं म्हणणं आधी थोडक्यात. एपिक्युरसचा काळ इ.स.पू. 341 ते 270. त्याच्या मते सगळं जग अणूंचं, आणि आत्माही अणूंचाच. फक्त ते अणू फार सूक्ष्म आणि शरीरभर पसरलेले. शरीर मोडलं की ते विखुरतात आणि त्यांच्याबरोबर जाणीवही जाते. बरं-वाईट जे काही आहे ते जाणवण्यात आहे. जाणवणाराच उरला नाही तर वाईट होणार कुणाचं? मेनोइकेउस नावाच्या शिष्याला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की आपण असतो तोवर मृत्यू नसतो, आणि मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो. पुढे रोमन कवी लुक्रेशियसने यात भर घातली: तुमच्या जन्माआधी अनंत काळ गेला, त्याचं तुम्हाला काही दुःख आहे का? मग मेल्यानंतरच्या काळाचं कशाला?

हा युक्तिवाद कुणाला उद्देशून होता ते पाहायला हवं. सिसिफसचा दगड, टँटलसची तहान, इक्सायनचं फिरतं चाक अशा पाताळातल्या शिक्षांच्या गोष्टी ऐकत ग्रीक माणूस मोठा व्हायचा. मेल्यावर आपल्या वाट्याला काय येईल, या धास्तीवर एपिक्युरसचं औषध आहे, आणि ते जालीम आहे. आपल्याकडे दिवस चालू असताना गरुडपुराणातल्या नरकांची वर्णनं ऐकून ज्याची झोप उडाली असेल, त्याला ते आजही लागू पडेल.

पण मुलं लहान आहेत, आई-वडील आपल्यावर अवलंबून आहेत, मरताना हाल होतील, ही भीती वेगळी. तिला ‘तेव्हा तू नसशीलच’ हे उत्तर पुरत नाही. तू नसशील हीच तर तक्रार आहे. गंमत म्हणजे हे एपिक्युरसच्या पंथातल्यांनाही कळलं होतं. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हर्क्युलेनियम हे रोमन गाव गाडलं गेलं. तिथल्या एका हवेलीत कोळसा झालेल्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत या पंथाच्या फिलोडेमसचं मृत्यूवरचं लिखाण आहे. आपल्यामागे घरच्यांचे हाल होतील या विचाराने मनाला डंख बसणं अगदी स्वाभाविक आहे, हे तो मान्य करतो. मला हा माणूस गुरूपेक्षा जास्त जवळचा वाटतो.

आणि खुद्द गुरू कसा गेला? मूतखड्याने, असह्य वेदनांत. त्या शेवटच्या दिवसांत त्याने मित्राला लिहिलेलं एक छोटं पत्र उरलं आहे. दुखणं शिगेला पोचलंय, पण आपल्या गप्पांची आठवण त्याच्यासमोर उभी आहे, असं तो लिहितो. आणि शेवटी सांगतो, मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष दे. मेट्रोडोरस हा त्याचा आधीच वारलेला मित्र. मृत्युपत्रातही या मुलांची सोय आहे, काही गुलामांची मुक्तता आहे, आणि दर महिन्याच्या विसाव्या दिवशी आपल्या आणि मेट्रोडोरसच्या स्मरणार्थ सगळ्यांनी एकत्र जेवायला जमावं अशी तरतूदही आहे. रोमन वक्ता सिसेरोने यावर टोमणा मारला: मेल्यावर आपलं काहीच उरत नाही म्हणणाऱ्याला ही उठाठेव कशाला? टोमणा चांगला आहे, पण मला तो फसवा वाटतो. ती जेवणं मेलेल्यासाठी नव्हती, मागे राहिलेल्यांनी एकत्र राहावं म्हणून होती.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. मरणोत्तर न्यायनिवाड्याचा धाक नसतानाही हा माणूस मित्राच्या पोरांची काळजी करत गेला. त्याचं सूत्र असं की शहाणपणाने, सचोटीने आणि न्यायाने जगल्याशिवाय सुखाने जगताच येत नाही. चोरी करणाऱ्याला ती आजवर लपली तरी उद्या लपेलच याची खात्री नसते, म्हणजे त्याची झोप गेलीच. (‘खा, प्या, मजा करा’ ही त्याची ख्याती बरीचशी विरोधकांनी केलेली आहे. चार्वाकाच्या नावावर कर्ज काढून तूप प्यायचा सल्लाही असाच विरोधकांच्या ग्रंथातून आपल्यापर्यंत आला. एपिक्युरस स्वतः भाकरी आणि पाण्यावर खूश असे. चैन म्हणून एकदा चीज मागवल्याची नोंद आहे.)

सॉक्रेटिसचा रस्ता उलटा, म्हणजे आत्मा अमर मानणारा, समजला जातो, पण पूर्ण तसा नाही. इ.स.पू. 399 मधल्या खटल्यात, त्याचा शिष्य प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’नुसार, तो आत्मा अमर आहे असं ठासून सांगत नाही. मृत्यू म्हणजे एकतर स्वप्न नसलेली झोप, नाहीतर दुसरीकडे स्थलांतर, जिथे होमरला भेटता येईल. दोन्हींत तोटा नाही, इतकंच तो म्हणतो. अमरत्वाचे पुरावे येतात प्लेटोच्याच ‘फीडो’त, विष पिण्याआधीच्या संवादात.

वाचायचं असेल तर आधी मेनोइकेउसला लिहिलेलं पत्र वाचा, काही पानांचंच आहे. मग ‘फीडो’. त्यात सॉक्रेटिसशी बोलणारा सिमियास विचारतो, आत्मा हा शरीराच्या वीणेचा सूर असेल, तर वीणा मोडली की तिचा सूर कुठे उरतो? हा आक्षेप तुम्हाला सॉक्रेटिसच्या उत्तरापेक्षा वजनदार वाटला तर दचकू नका, मलाही वाटतो.