पोरगी दिवसभर पंख्याचे फोटो काढते, काय करू?

मी समुपदेशक, आणि मार्कांचं टेन्शन सोडलं तर माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार मोबाईलची. त्यात आता एक वेगळाच प्रकार ऐकू येतो, धुळ्यातले पालक असोत नाहीतर शिरपूर-अमळनेरकडचे. पोरगं गेम खेळत नाही, रील पाहत नाही, पण फोटो काढत बसतं. आणि फोटो तरी धड असावेत? ताटलीतल्या पाण्याचे, सावलीचे, हललेले, अर्धवट, काय आहे तेच कळत नाही. इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. एका घराची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय.

पोरगी सातवीत. वडिलांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, पंप, पंखे, कूलर असं सगळं. आल्या आल्या ते म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार आहे हो, पण काय करून राहिली बघा जरा. स्टोरेज फुल झालं आणि आत निघालं काय, तर पंखे! दोनशे पंखे!" आई म्हणाली, "चांगला आपल्या घराचा, आजीचा काढ म्हटलं तर काढत नाही."

पोरगी गप्प. जमिनीकडे बघत.

मी तिला एकटीला भेटले तेव्हा पण ती फार बोलली नाही, "काही नाही, असंच" एवढंच. म्हणून पुढच्या वेळी तिघांना एकत्र बसवलं, मोबाईल टेबलावर ठेवला आणि आई-बाबांना एकच अट घातली. फोटोला चांगला म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, कशाला काढला असं तर विचारायचंच नाही. फक्त जे दिसतं ते सांगायचं.

बराच वेळ कोणी बोलेना. मग वडील म्हणाले, "पातं वाकडं दिसतंय."

"हो ना," पोरगी पटकन म्हणाली, "पण खिडकी उघडी असली तरच वाकडं येतं, अंधारात नुसतं धुरकट येतं."

वडिलांनी मोबाईल जवळ ओढला. एक फोटो, दुसरा फोटो. आणि मग त्यांनी विचारलं, "रेग्युलेटर एकवर ठेवून काढून पाहिला का?"

पोरीने पहिल्यांदा मान वर केली. "काढलाय ना, थांबा दाखवते!" त्या फोटोत पातं जवळपास सरळ होतं. पुढे दोघं बापलेक असे काही बोलत सुटले की मी आणि तिची आई नुसत्या बघत राहिलो. मी मुद्दाम मधे पडले नाही, कारण इतक्या वर्षांत एक नक्की कळलंय, अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं हेच मोठं काम असतं.

खरं कारण सोपं आहे. मोबाईलचा सेन्सर अख्खं चित्र एका दमात टिपत नाही, एकेक ओळ वाचत जातो, तेवढ्यात पातं पुढे सरकतं म्हणून ते वाकलेलं दिसतं. उजेड भरपूर असला की प्रत्येक ओळ पटकन टिपली जाते म्हणून पातं स्पष्ट येतं, उजेड कमी पडला की धूसर. पोरीला हे कोणी शिकवलं नव्हतं, खिडकी उघडून, बंद करून तिने स्वतः शोधलं होतं. ते दोनशे फोटो म्हणजे तिची प्रयोगवही होती आणि घरचे त्याला कचरा समजत होते. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे पंखे कुठले होते? बाबांच्या दुकानातले!

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने 1950 च्या दशकात लिहून ठेवलंय की माणसाला सुरक्षित वाटलं आणि बाहेरून सतत तोलमाप नसली की सर्जनशीलता आपोआप वर येते. मी रॉजर्सच्या बाजूची आहे हे लपवत नाही, कारण प्रत्यक्षात मला तेच दिसतं. आपण मात्र "वा, मस्त!" नाहीतर "हे काय?" यातलं एक काहीतरी म्हणून मोकळे होतो. दोन्ही शेवटी मार्कच. त्यापेक्षा "हे कसं केलंस?" विचारा आणि मग खरंच ऐका.

आणि लगेच स्पर्धेला पाठवू नका हो! लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973 चा प्रयोग आहे, ज्या लहान मुलांना चित्रं काढायला आवडायचं त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलं त्यांचं तसं झालं नाही.

घरी काय करता येईल हेही खूप जण विचारतात. मे महिन्यात दुपारी आपण सगळे दारं-खिडक्या लावून बसतोच, तेव्हा खिडकीला काळा पुठ्ठा लावून त्याला छोटं भोक पाडा, समोर पांढरी भिंत किंवा चादर, बाहेरचा रस्ता उलटा दिसतो, माणसं डोकं खाली करून चालतात. लाईट गेली असेल आणि फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (सेटिंग आपल्या हाताने बदलता येतात तो) असेल तर शटर दहा सेकंदांवर ठेवून फोन तांब्याला टेकवा आणि पोरांना टॉर्चने हवेत नाव लिहू द्या.

या घरातला हिट प्रयोग मात्र आईचा निघाला. हळद स्पिरिटमध्ये कालवून, गाळून कागदाला लावायची, कागद अंधारात वाळवायचा, त्यावर निंबाची डहाळी, वर फ्रेमची काच आणि गच्चीवर ठेवून द्यायचं. आपल्या उन्हात काही तासांत मोकळी जागा फिकी पडते आणि डहाळीखालची पिवळीच राहते. मी सांगायला लागले तर आईच म्हणाली, "मॅडम, हळदीचा डाग उन्हात उडतो आणि साबणाने लाल होतो, हे काय नवीन आहे?" घरी जाऊन तिनेच पोरीला धुण्याच्या सोड्याचं पाणी दिलं आणि पिवळी डहाळी लालसर तपकिरी झाली. आजी म्हणे येऊन बघून गेली, "हाई काय शे?" इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1842 च्या सुमारास फुलापानांच्या रसांवर असेच उन्हाचे प्रयोग केले होते हे मी सांगितलं, पण खरं सांगायचं तर त्या माउलीला हर्शेलची काही गरज नव्हती.

परवा वडिलांचा फोन आला, पोरीला चांगला कॅमेरा घ्यावा म्हणतोय, कोणता घेऊ? मी म्हटलं एवढ्यात नको. तुमचा तो काचेला तडा गेलेला जुना फोन आहे ना, त्यातलं सिम काढा, वायफाय देऊ नका आणि तोच तिच्या हवाली करा. स्टोरेज भरलं तर कुठले फोटो उडवायचे ते तिलाच ठरवू द्या.